कर्जाची वही कोणी उघडायची?

आजचा विषय बँकांचा असला, तरी व्याजदर आणि शेअर बाजार आपण बाजूला ठेवणार आहोत. आज आपण बोलणार आहोत ते कर्ज नाकारलं गेलेल्या माणसाबद्दल आणि त्याला न्याय मिळवून देणं ज्यांचं काम आहे, त्या सरकारी तपासनिसांबद्दल.

सुरुवातीलाच एक अडचण समजून घेऊ, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्याभोवतीच फिरतो. समजा, एक माणूस घरासाठी कर्ज मागायला बँकेत गेला. बँक म्हणाली, 'तुमचा अर्ज बसत नाही.' आता हा नकार त्याच्या पगारामुळे आला, जुन्या थकबाकीमुळे आला की त्याच्या कातडीच्या रंगामुळे आला, हे त्याला कसं कळणार? त्याच्या हातात फक्त स्वतःचा कागद असतो. शेजारच्या टेबलावर तेवढ्याच पगाराच्या, तेवढीच थकबाकी असलेल्या दुसऱ्या माणसाला त्याच दिवशी होकार मिळाला, हे त्याला दिसत नाही. दोन्ही कागद फक्त बँकेला दिसतात, आणि बँकेची दप्तरं तपासण्याचा अधिकार असलेल्या सरकारी तपासनिसाला. म्हणजे भेदभावाविरुद्ध कायदा केला, तरी त्याचा पुरावा कायम दुसऱ्याच्या कपाटात. ते कपाट कोणी, कधी आणि कोणासाठी उघडायचं, हा आमच्या मते या विषयाचा गाभा आहे.

हा इतिहास आपण अमेरिकेचा पाहणार आहोत, कारण कर्जातल्या भेदभावाविरुद्ध तिथं १९६८ पासून कायदे आहेत, आणि ते कसे चालले, कुठं अडले, याच्या नोंदी भरपूर आहेत.

सुरुवात मात्र १९३३ पासून करावी लागते. महामंदीचे दिवस होते. लोकांचे हप्ते थकत होते, घरं लिलावात जात होती. सरकारनं होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन नावाची संस्था काढली आणि तिनं अडचणीतली सुमारे दहा लाख गृहकर्जं स्वतःकडे घेतली. लोकांची घरं वाचली, हे खरंच मोठं काम झालं. याच संस्थेनं पुढं दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे तयार केले. प्रत्येक वस्तीला जोखमीप्रमाणे रंग: सगळ्यात चांगली हिरवी, मग निळी, मग पिवळी आणि सगळ्यात धोक्याची लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती जवळपास हमखास लाल. नकाशाबरोबरच्या टिपणांत घरांच्या स्थितीबरोबर तिथं कोण राहतं, हेही लिहिलेलं असे.

इथं एक खुलासा केला पाहिजे. पुष्कळदा असं सांगितलं जातं की या नकाशांमुळेच सगळं घडलं. अलीकडचे इतिहासकार तसं म्हणत नाहीत. त्यांचं बोट १९३४ साली स्थापन झालेल्या दुसऱ्या सरकारी संस्थेकडे जातं, फेडरल हाउसिंग अॅडमिनिस्ट्रेशनकडे. ही संस्था स्वतः कर्ज देत नसे. बँकेनं दिलेल्या कर्जाचा विमा उतरवत असे. कर्ज बुडालं तर भरपाई सरकार देणार. त्यामुळे बँका लांब मुदतीची, कमी व्याजाची कर्जं बिनधास्त देऊ लागल्या. पण कोणत्या घराला विमा द्यायचा, याचं या संस्थेचं नियमपुस्तक होतं, आणि वस्तीत वेगवेगळ्या वंशांची माणसं मिसळणं हा धोका आहे, असं ते पुस्तक सांगत होतं. कृष्णवर्णीयांना घर विकणार नाही, अशी अट खरेदीखतातच असावी, अशी शिफारसही त्यात होती. म्हणजे भेद करणं हा त्या काळात बँकेचा चोरटा व्यवहार नव्हता. तो सरकारी शहाणपणाचा भाग होता. उद्या ज्यांना भेदभाव थांबवायला सांगितलं जाणार होतं, ते अधिकारी याच तालमीत तयार झाले होते.

लाल वस्तीतल्या माणसानं मग काय करावं? शिकागोचं उदाहरण घ्या. बँकेचं दार बंद असल्यामुळे हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांनी 'करारावर' घरं घेतली. विकणारा दलाल घराची किंमत अव्वाच्या सव्वा लावायचा. हप्ते वर्षानुवर्षं भरायचे, दुरुस्ती आपल्या खर्चानं करायची, पण शेवटचा हप्ता भरेपर्यंत घर दलालाच्याच नावावर. एक हप्ता चुकला की आधीचं सगळं गेलं. गहाणखतात कर्जदाराला जे थोडंफार संरक्षण असतं, तेही इथं नाही. १९६८ साली शिकागोच्या लॉन्डेल भागातल्या लोकांनी या दलालांविरुद्ध संघटना उभारली आणि हप्ते रोखून धरले. सरळ कर्ज मिळालं नाही की माणूस सावकाराच्या दारात जातो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आता कायद्यांकडे येऊ. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. शहरं पेटली. आठवड्याभरात, ११ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घरांच्या बाबतीतला भेदभावविरोधी कायदा, फेअर हाउसिंग अॅक्ट, सही करून अमलात आणला. घरासाठीचं कर्ज वंश, धर्म किंवा मूळ देश पाहून नाकारता येणार नाही, असं त्यात आलं. त्याच वर्षी मे महिन्यात 'कर्जातील सत्य' सांगणारा कायदा झाला, ट्रुथ इन लेंडिंग. व्याज, फी, इतर खर्च सगळं धरून वर्षाला किती टक्के पडतं, ते एका आकड्यात कर्जदाराला सांगायचं. साधी गोष्ट. पण सिनेटर पॉल डग्लस यांनी ती १९६० साली मांडली होती. आठ वर्षं ती अडून राहिली आणि कायदा होईपर्यंत डग्लस निवडणूक हरून घरी गेले होते. ती पुढं नेली विल्यम प्रॉक्समायर यांनी. हे नाव लक्षात ठेवा.

बायकांची गोष्ट १९७४ ची. तोवर बँका काय करत? नवरा-बायको दोघं कमावते असले, तर बायकोचा पगार अर्धाच धरायचा किंवा धरायचाच नाही, कारण उद्या मूल झालं की ती नोकरी सोडेल. काही ठिकाणी तर मूल होणार नाही, अशा अर्थाचं डॉक्टरांचं पत्र मागत. घटस्फोटित बाईला क्रेडिट कार्ड मिळणं मुश्कील. १९७४ च्या समान पतसंधी कायद्यानं, इक्वल क्रेडिट ऑपॉर्च्युनिटी अॅक्टनं, हे बेकायदा ठरवलं. त्याची एक हकिकत प्रसिद्ध आहे. लुइझियानाच्या प्रतिनिधी लिंडी बॉग्ज या नुकत्याच संसदेत आल्या होत्या. समितीसमोर मसुदा आला, त्यात लिंग आणि वैवाहिक स्थिती यांचा उल्लेख नव्हता. बाईंनी ते शब्द स्वतःच्या हातानं मसुद्यात घातले, प्रती काढून सभासदांना वाटल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या की हे चुकून राहिलं असणार, नाही का? कुणाला नाही म्हणता आलं नाही. १९७६ साली याच कायद्यात वंश, वर्ण, धर्म, मूळ देश, वय हेही जोडले गेले.

कायदे झाले. अंमलबजावणी कोणी करायची? इथून आपला खरा विषय सुरू होतो.

अमेरिकेत बँकांवर देखरेख ठेवणारी एकच रिझर्व्ह बँक नाही. त्या काळात चार संघीय नियामक होते. राष्ट्रीय परवान्याच्या बँकांवर कंट्रोलर ऑफ द करन्सी, राज्यांच्या परवान्याच्या काही बँकांवर फेडरल रिझर्व्ह, बाकीच्यांवर ठेवींचा विमा उतरवणारं एफडीआयसी, आणि घरकर्जं देणाऱ्या बचतसंस्थांवर फेडरल होम लोन बँक बोर्ड. या सगळ्यांचा तपासनीस एकाच कामात तरबेज होता: बँक बुडणार तर नाही ना, हे पाहण्यात. ठेवी सुरक्षित आहेत का, तारण पुरेसं आहे का, वसुली होते का. तो बँकेत जाई तेव्हा दिलेल्या कर्जांचे कागद पाही. न दिलेल्या कर्जांचे कागद पाहण्याचं त्याला कारणच नव्हतं. नाकारलेलं कर्ज बुडत नाही! त्याच्या दृष्टीनं तो कागद सगळ्यात सुरक्षित.

हा मुद्दा आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. तपासनीस दुष्ट होते किंवा सगळेच्या सगळे बँकांच्या खिशात होते, असं म्हणण्याची गरज नाही. ज्या माणसाला बँकेची प्रकृती सांभाळायची सवय आहे, त्यालाच आपण बँकेविरुद्ध ग्राहकाची बाजू घ्यायला सांगितलं. त्यानं दुसरं काम फायलीच्या तळाशी ठेवलं.

ते किती तळाशी गेलं होतं, याचा पुरावा म्हणजे १९७६ चा दावा. नॅशनल अर्बन लीग आणि इतर नागरी हक्क संघटना कोर्टात गेल्या. प्रतिवादी कोण, तर हे चार नियामक. फिर्याद अशी की कायदा होऊन आठ वर्षं झाली, तो राबवण्याची जबाबदारी तुमची आणि तुम्ही ती पार पाडत नाही. तिघांनी १९७७ मध्ये तडजोड केली: तपासनिसांना या कामाचं वेगळं शिक्षण देऊ, अर्जदारांची माहिती गोळा करू, स्वतंत्र तज्ज्ञ नेमू. फेडरल रिझर्व्हनं तडजोड नाकारली. त्याच्याविरुद्धचा दावा पुढं निकालात निघाला, तोही या कारणावरून की दावा करणाऱ्यांना तसा दावा करण्याचा अधिकार पोचत नाही. नियामकानं काम केलं की नाही, हा प्रश्न तिथं तपासलाच गेला नाही.

आता त्याच काळात शिकागोत काय चाललं होतं ते पाहू. तिथं ऑस्टिन नावाच्या भागात गेल सिनकोटा नावाच्या बाई राहत होत्या. गृहिणी, मुलांच्या शाळेच्या प्रश्नावरून चळवळीत आलेल्या. त्यांना दिसत होतं की वस्तीतल्या लोकांच्या ठेवी वस्तीतल्याच बँकेत जातात, पण त्या वस्तीत घर घ्यायला कर्ज मागितलं की मिळत नाही. पैसा इथला, कर्जं उपनगरात. बँकेला विचारलं की उत्तर ठरलेलं: आमच्याकडे तिथून अर्जच येत नाहीत. हे खोटं आहे, असं म्हणायला हातात काही नव्हतं. म्हणून त्यांच्या संघटनेनं मागणी केली ती अगदी हिशेबी: बँकेनं कोणत्या भागात किती कर्जं दिली, एवढंच जाहीर करा.

इथं आपल्याला आपला एक प्रसंग आठवतो. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले, तेव्हा त्यांचा रोख कर्जखतांवर होता. खतं मिळाली की ती जाळायची. कारण तो कागद पूर्णपणे सावकाराच्या ताब्यातला, त्यात काय लिहिलंय ते कुळाला वाचताही येत नव्हतं. पुढं १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला, त्यात खतांची गावपातळीवर नोंदणी, भरलेल्या पैशाची पावती आणि हिशेबाचा उतारा मिळण्याचा हक्क घातला गेला. दोन देश, दोन काळ, परिस्थितीही वेगळी. पण कर्जाचा कागद एकाच बाजूच्या हातात राहू नये, ही गरज दोन्हीकडे सारखीच आहे.

शिकागोच्या मागणीचा कायदा झाला ३१ डिसेंबर १९७५ ला. होम मॉर्गेज डिस्क्लोजर अॅक्ट. मागं उभे होते तेच प्रॉक्समायर, आता सिनेटच्या बँकिंग समितीचे अध्यक्ष. गंमत अशी की या कायद्यानं कुठलीच गोष्ट गुन्हा ठरवली नाही. अमुक वस्तीत कर्ज द्या, असंही म्हटलं नाही. फक्त जनगणनेच्या छोट्या विभागांप्रमाणे दिलेल्या कर्जांचा तक्ता करा आणि मागेल त्याला दाखवा. तोही सुरुवातीला ठरावीक मुदतीपुरताच. पाठोपाठ १९७७ साली कम्युनिटी रीइन्व्हेस्टमेंट अॅक्ट आला: जिथून ठेवी घेता, त्या सगळ्या परिसराच्या, गरीब वस्त्यांच्याही, कर्जाच्या गरजा भागवा. नियामकानं बँकेची ही कामगिरी तपासायची, आणि बँक नवी शाखा किंवा दुसरी बँक विकत घेण्याची परवानगी मागेल, तेव्हा ती विचारात घ्यायची.

कागदावर हत्यार चांगलं होतं. पण ते उचलायचं कोणी? त्याच नियामकांनी. या कारणावरून फेडरल रिझर्व्हनं बँक खरेदीचा अर्ज पहिल्यांदा फेटाळला तो फेब्रुवारी १९८९ मध्ये, काँटिनेंटल इलिनॉय या बँकसमूहाचा. म्हणजे कायद्यानंतर अकरा वर्षांनी.

मग मधल्या काळात काय घडलं? तक्ते साठत होते. आणि मे १९८८ मध्ये एका पत्रकारानं ते उघडले. बिल डेडमन, अटलांटा जर्नल-कॉन्स्टिट्यूशन या दैनिकातले. त्यांनी १९८१ ते १९८६ या सहा वर्षांतली, एक लाखाहून अधिक कर्जं वस्तीवार मांडली आणि तुलना करताना काळजी घेतली की उत्पन्न सारखं असलेल्या वस्त्याच शेजारी ठेवायच्या. निष्कर्ष असा आला की सारख्याच उत्पन्नाच्या गोऱ्या वस्तीला कृष्णवर्णीय वस्तीच्या पाचपट कर्जं मिळत होती. लेखमालेचं नाव होतं 'पैशाचा रंग', पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळालं. अटलांटातल्या बँकांनी लगोलग कोट्यवधी डॉलरची स्वस्त कर्जं जाहीर केली. लक्षात घ्या, हे तक्ते नियामकांकडेही होते. आकडे तेच. फक्त ते वाचणारा माणूस बदलला.

बँकांचं उत्तर होतं, आणि ते फेकून देण्यासारखं नव्हतं. त्या म्हणाल्या, तुम्ही दिलेली कर्जं मोजता. कोणी मागितलं, कोणाला नाकारलं आणि का, हे तुमच्या तक्त्यात नाही. बरोबर. म्हणून १९८९ साली संसदेनं तक्त्यात रकाने वाढवले: प्रत्येक अर्जदाराचा वंश, लिंग, उत्पन्न आणि अर्जाचं काय झालं ते. बँकेला मिळणारे शेरेही जाहीर करायचे ठरले. १९९० सालचे आकडे १९९१ मध्ये बाहेर आले. घर घेण्यासाठीच्या साध्या कर्जांत गोऱ्यांचे सुमारे १४ टक्के अर्ज नामंजूर झाले होते, कृष्णवर्णीयांचे सुमारे ३४ टक्के.

बँका पुन्हा म्हणाल्या, अर्जदाराची जुनी थकबाकी, इतर कर्जं, नोकरीचा काळ हे कुठं आहे तुमच्या आकड्यांत? हाही प्रश्न योग्यच. तेव्हा बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांनी थेट बँकांच्या फायलींतून सुमारे तीन हजार अर्जांची ही सगळी माहिती मिळवली. १९९२ साली अहवाल आला. या सगळ्या गोष्टी सारख्या धरल्या, तर गोऱ्यांचे ११ टक्के अर्ज नाकारले जात असताना, तशाच परिस्थितीतल्या कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक अर्जदारांचे १७ टक्के नाकारले जात होते. म्हणजे १४ आणि ३४ मधल्या अंतराचा मोठा भाग खरंच आर्थिक कारणांचा होता. पण सगळा नाही. या अहवालावर पुष्कळ टीका झाली, आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासली गेली, आणि वाद आजही पूर्ण मिटलेला नाही. तपासाची पद्धत मात्र बदलली ती बदललीच.

ती पद्धत काय, ते थोडक्यात सांगतो. पगार भरपूर आणि थकबाकी शून्य असलेल्या अर्जदाराला सगळेच कर्ज देतात. पगारच नाही, त्याला कोणी देत नाही. भेद होतो तो मधल्या, काठावरच्या अर्जांत. तिथं कर्ज अधिकाऱ्याच्या मनावर बरंच असतं. म्हणून तपासनीस काठावरच्या, नाकारलेल्या अल्पसंख्य अर्जदारांच्या फायली आणि मंजूर झालेल्या गोऱ्या अर्जदारांच्या फायली शेजारी शेजारी ठेवतो. आणि मग दिसतं की गोऱ्या अर्जदाराला अधिकाऱ्यानं सांगितलंय, 'हा एक हप्ता उशिरा गेलाय, त्याचं कारण लिहून आणा, म्हणजे काम होईल.' दुसऱ्याला तेवढ्याच उशिराबद्दल सरळ नकाराचं पत्र. कुठंही शिवी नाही, अपमान नाही. फक्त एकाला मदतीचा हात मिळाला, दुसऱ्याला नाही. हे एका फायलीत दिसू शकत नाही. दोन शेजारी ठेवल्या तरच दिसतं.

१९९१ साली आणखी एक खिळा ठोकला गेला. भेदभावाचा सिलसिला आहे असं मानायला जागा दिसली, तर नियामकानं ते प्रकरण न्याय खात्याकडे पाठवलंच पाहिजे, असं कायद्यात आलं. पाठवू की नको, हा विचार करण्याची मोकळीक संपली. सप्टेंबर १९९२ मध्ये न्याय खात्यानं अशा प्रकारचं पहिलं प्रकरण तडीस नेलं, अटलांटाच्याच डेकॅटर फेडरल या बचतसंस्थेचं. लेखमालेतूनच तपास सुरू झाला होता. त्या संस्थेनं आपलं सेवाक्षेत्र असं आखलं होतं की फुल्टन काउंटीतली बहुतेक कृष्णवर्णीय वस्ती त्याच्या बाहेर पडावी. ४८ अर्जदारांना मिळून दहा लाख डॉलर भरपाई मिळाली. १९९४ मध्ये वॉशिंग्टनच्या चेव्ही चेस बँकेवर आरोप आला तो अर्ज नाकारल्याचा नव्हता. कृष्णवर्णीय वस्तीत शाखाच काढल्या नाहीत, तिथं धंदाच मागितला नाही, असा होता. तडजोड १.१ कोटी डॉलरची झाली. 'आमच्याकडे तिथून अर्जच येत नाहीत' हे शिकागोत गेल सिनकोटांना मिळालेलं उत्तर आता बचाव राहिलं नव्हतं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण बाजार हुशार असतो. नव्वदीच्या अखेरीला तक्रार उलटी झाली. आधी त्या वस्त्यांना कर्ज मिळत नव्हतं, आता दारावर येऊन गळ्यात मारलं जाऊ लागलं: चढ्या व्याजाचं, जबर फीचं, दोन वर्षांनी हप्ता उडी मारणारं. देणाऱ्या बऱ्याच कंपन्या बँकाच नव्हत्या, त्यामुळे बँक तपासनिसांच्या वाटेतही येत नव्हत्या. अन्यायकारक गृहकर्जांवर बंदी घालण्याचा अधिकार १९९४ च्या कायद्यानं फेडरल रिझर्व्हला दिलेला होता. त्याच्याच नियामक मंडळावरचे एडवर्ड ग्रॅमलिच या कंपन्यांची तपासणी करावी, असं सांगत होते. अध्यक्ष अॅलन ग्रीनस्पॅन यांना ते पटलं नाही. व्यापक नियम आला जुलै २००८ मध्ये. तोवर घर पेटून गेलं होतं.

राज्यांनी हालचाल केली, तर त्यांनाही अडवण्यात आलं. जॉर्जियानं २००२ साली कडक कायदा केला. कंट्रोलरनं २००४ मध्ये नियम काढून सांगितलं की असे राज्यांचे कायदे राष्ट्रीय बँकांना लागू नाहीत. याच सुमारास तक्त्यात आणखी एक रकाना आला होता: महाग कर्ज कोणाला विकलं. ते आकडे पाहून २००५ साली न्यूयॉर्कचे अॅटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांनी काही मोठ्या बँकांकडे खुलासा मागितला. बँकांची संघटना कोर्टात गेली यात नवल नाही. नवल हे की त्यांच्या बरोबरीनं कंट्रोलरचं कार्यालयही कोर्टात गेलं, स्पिट्झर यांना थांबवायला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाच विरुद्ध चार मतांनी निर्णय दिला: राज्यानं नुसत्या आपल्या अधिकारात बँकेची दप्तरं मागवू नयेत, पण कोर्टात दावा लावून कायदा राबवण्यापासून त्याला कोणी रोखू शकत नाही.

आणि कंट्रीवाइडचं प्रकरण तर मुळातून समजून घेण्यासारखं आहे. देशातली सगळ्यात मोठ्या गृहकर्ज कंपन्यांतली ही एक. अमेरिकेत बँकेला परवाना बदलून घेता येत असे आणि परवान्याबरोबर तपासणारं कार्यालयही बदलत असे. कार्यालयांचा खर्च बराचसा बँकांच्याच शुल्कातून निघत असल्यामुळे गिऱ्हाईक जाऊ नये, ही काळजी नियामकालाच. कंट्रीवाइडनं २००७ मध्ये असाच परवाना बदलला आणि ती बचतसंस्थांच्या नियामकाकडे गेली. पण तिचं भेदभावाचं प्रकरण त्याआधीच तक्त्यातल्या आकड्यांवरून वर आलं होतं आणि न्याय खात्याकडे पोचलं. डिसेंबर २०११ मध्ये ३३.५ कोटी डॉलरची तडजोड झाली. दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक कर्जदारांकडून तशाच पतीच्या गोऱ्यांपेक्षा जास्त पैसे घेतले गेले, असा आरोप होता. त्यांतल्या बहुतेकांना आपल्याकडून जास्त घेतलं गेलं, हे तोवर ठाऊकही नसणार. पहिल्या अडचणीची आठवण ठेवा: त्यांच्या हातात फक्त स्वतःचा कागद होता.

काही जण विचारतात, गरिबांना कर्ज द्यायला लावणाऱ्या १९७७ च्या कायद्यामुळेच २००८ चं संकट आलं ना? संकटाची चौकशी करणाऱ्या आयोगाच्या २०११ च्या अहवालाचं उत्तर नाही असं आहे. चढ्या व्याजाच्या कर्जांपैकी फक्त सहा टक्क्यांचा त्या कायद्याशी काही संबंध होता. बरेचसे कर्ज देणारे त्या कायद्याच्या कक्षेतच नव्हते.

या अनुभवातून २०१० च्या कायद्यानं ग्राहकसंरक्षणाचं काम बँकेची प्रकृती पाहणाऱ्यांकडून काढून एका वेगळ्या कार्यालयाला दिलं. २१ जुलै २०११ ला कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्यूरो सुरू झाला. मोठ्या बँका आणि बँक नसलेले कर्जदातेही त्याच्या कक्षेत. २०१२ पासून ग्राहकांच्या तक्रारी, नाव वगळून, तो लोकांसमोर ठेवू लागला. वेगळं कार्यालय झालं म्हणून सगळं वेळेवर दिसतं, असं मात्र नाही. वेल्स फार्गो बँकेत कर्मचारी विक्रीचं लक्ष्य गाठण्यासाठी ग्राहकांना न विचारता लाखो खाती उघडत होते. ते आधी बाहेर आलं लॉस एंजेलिस टाइम्समधून, २०१३ मध्ये. १८.५ कोटी डॉलरचा एकत्रित दंड झाला सप्टेंबर २०१६ मध्ये. आणि कंट्रोलरच्या कार्यालयानं पुढं स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात म्हटलं की बँकेच्या आतून आलेल्या सातशे तक्रारींची माहिती त्यांच्या तपासनिसांसमोर २०१० च्या जानेवारीतच होती.

ऐंशीहून अधिक वर्षांचा हा हिशेब पाहिला तर एक क्रम दिसतो. कायदा आधी होतो. मग बरीच वर्षं काही होत नाही. मग कोणीतरी बाहेरचा माणूस, शिकागोची गृहिणी, अटलांटाचा पत्रकार, न्यूयॉर्कचा राज्य अधिकारी, उघडी वही वाचतो, आणि नियामक जागा होतो. दंडाचे आकडे मोठे असतात म्हणून बातमी त्यांची होते. आम्हाला मात्र १९७५ चा तो रुक्ष तक्ता या सगळ्यात कामाचा वाटतो.

म्हणूनच भांडण अजून त्याच्यावरच आहे. २०१० च्या कायद्यानं तक्त्यात रकाने वाढवले. २०१८ च्या कायद्यानं लहान कर्जदात्यांना त्यांतल्या बऱ्याच रकान्यांतून सूट दिली. बँका खर्चाचं कारण देतात, आणि लहान बँकेला तो खर्च खरोखर जड जातो. फेब्रुवारी २०२५ मध्ये ब्यूरोच्या हंगामी प्रमुखांनी कर्मचाऱ्यांना काम थांबवायला सांगितलं आणि तो वाद कोर्टात गेला. कायदे मात्र जागच्या जागी आहेत. १९६८ चा आहे, १९७४ चा आहे, ते कोणी रद्द केलेले नाहीत. १९७६ सालीही तसंच होतं: कायदा पुस्तकात होता आणि तपासनीस दुसऱ्या फायली वाचत होता.

इथं थांबतो. तुमचे प्रश्न घेऊ या.